कोबीची बशी, पळसाचं पान

आमचा चित्रकार मित्र नऊ दिवसांच्या पोर्तुगालवारीहून परतला तो एक बशी घेऊन. विमानात फुटू नये म्हणून त्याने ती तीन जोडी मोज्यांत गुंडाळली होती. मोजे प्रवासात वापरून झालेले होते, त्यामुळे डोंबिवलीच्या त्याच्या घरी उद्घाटनाच्या वेळी सगळ्यांनी नाकाला रुमाल लावूनच तिचं दर्शन घेतलं. बशी हिरवीगार आणि हुबेहूब कोबीच्या पानासारखी. शिरा, सुरकुत्या, काठाची झालर, सगळं जिथल्या तिथे. त्याच्या आईने चष्मा कपाळावर चढवून ती उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "ह्यात आमटी कुठे राहणार?"

मित्राने आमटीचा प्रश्न बाजूला सारून इतिहास सांगायला घेतला. राफाएल बोर्दालो पिन्येइरो नावाचा एक पोर्तुगीज व्यंगचित्रकार होता. राजकारण्यांची टवाळी करता करता त्याने 1884 मध्ये काल्दस द रायन्या या गावात चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना काढला आणि कोबी, मासे, खेकडे, बेडूक असल्या साध्यासुध्या मंडळींना बशीवर आणून बसवलं. आज त्या कोबीच्या बशा जगभर जातात. "आणि आपण?" मित्र कळवळून म्हणाला. "आपण रोजच्या जेवणाला काय मान देतो?"

"रोज वेळेवर जेवायला आलास तरी पुष्कळ मान होईल," आई म्हणाली.

पण मित्र पेटला होता. तिथे 13 जूनला संत आंतोनियोच्या सणात लिस्बनच्या गल्लीबोळांत शेगड्या मांडून तारल्या भाजतात, आणि त्या तारल्यांची चित्रं काढायला चित्रकार धडपडतात. तिथे शिळ्या पावात लसूण, कोथिंबीर, ऑलिव्हचं तेल आणि उकळतं पाणी घालून 'असोर्दा' करतात. गरिबाचं खाणं, पण आता मोठ्या हॉटेलांत मिळतं.

"म्हणजे कुस्करा," आई म्हणाली.

"कुस्करा नाही गं. त्यावर अंडं सोडतात."

"म्हणजे युरो मोजून कुस्करा खाऊन आलास. इथे केला की नाक मुरडतोस."

मग बाकाल्याववर आला. बाकाल्याव म्हणजे खारवून वाळवलेला कॉड मासा. गंमत अशी की पोर्तुगालचा हा राष्ट्रीय मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही. शेकडो वर्षं ती माणसं त्याच्यासाठी थेट न्यू फाउंडलंडपर्यंत गलबतं हाकत गेली. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला बाकाल्यावची एक वेगळी पाककृती आहे, असं ते छाती फुगवून सांगतात. वासाचं म्हणाल तर आपला सुका बोंबील त्याच्यापुढे अत्तराची बाटली. पण तिथे बाकाल्याव शिजवला म्हणून कुणाला भाड्याची जागा सोडावी लागत नाही. आपल्याकडे सातपाटीचा बोंबील इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तव्यावर पडला की चौथ्या मजल्यावर सोसायटीची तातडीची सभा भरते. या मुद्द्यावर मात्र मी मित्राच्या बाजूने उभा राहिलो, आणि तिथेच फसलो. कारण त्याने लगेच जाहीर केलं की रोजच्या साध्या जेवणावर आपण एक पुस्तक करायचं. चित्रं त्याची, मजकूर माझा. आणि त्यासाठी जायचं जव्हार-मोखाड्याला.

"तिथेच का?"

"तिथे अजून खरं जेवण आहे."

स्वयंपाकघरात डाव आपटल्याचा आवाज आला. डोंबिवलीतल्या खोट्या जेवणाची त्या दिवशी एक पोळी कमी झाली.

खरं कारण मला ठाऊक होतं. त्याच्या दिवाणखान्यात प्रदर्शनातून आणलेला वारली चित्रांचा पडदा आहे. वारली म्हणजे जव्हार आणि जव्हार म्हणजे वारली, एवढाच त्याचा भूगोल. जिव्या सोमा मशे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे, त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली ती तिथे राहून, हे सांगून मी त्याला डहाणूकडे वळवायचा प्रयत्न केला. डहाणूला लोकल जाते आणि माझी कंबर दुखते. पण तो म्हणाला, डहाणूला समुद्र आहे, मला डोंगर पाहिजे.

डोंगरावरून आठवलं. पोर्तुगीजांचा मोठा कादंबरीकार एसा दि केइरोज याची 'शहर आणि डोंगर' ही कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर, 1901 मध्ये छापली गेली. तिचा नायक जासिंतो पॅरिसमध्ये यंत्रांच्या आणि उपकरणांच्या गराड्यात राहून जेवणाला विटलेला असतो. काही कारणाने तो पोर्तुगालच्या डोंगरातल्या आपल्या वडिलोपार्जित गावी जातो. सामान वाटेत हरवतं, हाती काही उरत नाही, आणि तिथली बाई पुढे ठेवते ते कोंबडीचं सार आणि पावट्यासारख्या दाण्यांचा भात. साहेब आधी चमच्याने उकरून बघतात आणि मग ताट चाटूनपुसून साफ करतात. मी एस.टी.त बसताना मनाशी म्हटलं, आपण निघालोय खरे, पण आपल्या जासिंतोचं सामान काही हरवायचं नाही. त्याच्याकडे रंगांची पेटी, घडीचा स्टूल, दोन कॅमेरे आणि मोज्यांत गुंडाळलेली बशी होती. बशी बरोबर घेतली होती, कारण तिच्यावर भाकरी ठेवून फोटो काढायचा होता. पूर्व-पश्चिम संगम.

बशीवरून गाडीत पोर्तुगीज शब्दांचं व्याख्यान झालं. बटाटा त्यांचा, पाव त्यांचा, काजू, अननस, पपई, कोबी त्यांचे. नुसता पदार्थच नाही, शब्दसुद्धा. साबण, बादली, चावी, पगार, पिंप आणि तुरुंगही त्यांच्याच भाषेतून आले. शेजारच्या बाकावर मांडीवर कोंबडीची टोपली घेऊन एक काका बसले होते. ते इतका वेळ डोळे मिटून होते. तसेच मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "पगार, पिंप, तुरुंग. क्रम बरोबर लावलाय."

विक्रमगड मागे पडलं, घाट लागला आणि मित्राला इतिहासाची उबळ आली. वसई 1534 मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. मधली दोनशे वर्षं किनारपट्टी त्यांची होती, आशेरीसारखा गडही होता. पण जव्हारचं मुकण्यांचं राज्य डोंगरात राहिलं, तिथे त्यांचा झेंडा लागला नाही. वर चढल्या त्या मिरच्या. काजू तर जव्हारच्या हवेत असा रमला आहे की बाजारात तो इथलाच मूळपुरुष असल्यासारखा मिरवतो.

जव्हारच्या राज्याची एक कथा सांगतात. जयबा मुकण्यांनी एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, आणि ती मिळाल्यावर कातड्याच्या बारीक पट्ट्या कापून मोठा मुलूख वेढला. कार्थेजच्या राणीबद्दलही हीच कथा सांगतात म्हणून काही विद्वान नाक मुरडतात. मला ती कथा फार जवळची वाटते. आमचा धंदाच तो. एक भाकरी मागायची, तिच्या पट्ट्या कापायच्या आणि मासिकाची आठ पानं वेढायची.

शिरपामाळावरही थांबणं झालं. सुरतेला जाताना शिवाजी महाराज इथे थांबले आणि जव्हारच्या राजाने त्यांच्या मंदिलात शिरपेच खोवला, म्हणून शिरपामाळ. मित्राने तिथे वारा खात सांगितलं, की महाराजांचं जन्मसाल 1630 आणि पोर्तुगालची चित्रकर्ती जोसेफा दि ओबिदुश हिचंही 1630. महाराज सुरतेच्या वाटेवर होते त्या काळात ही बाई ओबिदुश गावात बसून मिठाईची ताटं रंगवत होती. "म्हणजे बघ," तो म्हणाला. काय बघायचं ते त्याने सांगितलं नाही, आणि वाऱ्यात माझी टोपी उडाल्यामुळे मी विचारलं नाही.

मोखाड्याच्या अलीकडच्या एका पाड्यावर ओळखीच्या शिक्षकांनी आमची सोय केली होती. श्रावण होता. पाऊस असा, की छत्री उघडायची ती फक्त आपण प्रयत्न केला असं दाखवायला. या पावसाचं पाणी वैतरणेतून खाली जातं आणि मुंबईच्या नळांना येतं. उन्हाळ्यात हाच तालुका टँकरची वाट बघतो. शिक्षक हे अगदी सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगत होते. हवापाण्याबद्दलच बोलत होते म्हणा.

ज्या घरी गेलो ते वारली कुटुंबाचं. घरातल्या मावशींनी पाट टाकला, पाणी दिलं आणि विचारलं, "जेवणार ना?"

इथे एक अडचण होती. त्या दिवशी श्रावणी सोमवार होता आणि मित्राचा उपवास होता. लिस्बनमध्ये नऊ दिवस जे जे पोहतं ते ते खाऊन आल्यामुळे आईने त्याला लावून दिलेला. तो ओशाळून म्हणाला, "मावशी, मला उपासाचं लागतं. पण तुम्ही त्रास घेऊ नका. काय केलंय तुम्ही?"

"वरईचा भात."

मित्राचा चेहरा उजळला. "अहो, वरई चालते उपासाला!"

मावशींना कळेना. "चालते म्हणजे?"

"म्हणजे आम्ही उपासाला वरईच खातो. ती खाल्ली तरी उपास मोडत नाही."

मावशी चुलीतलं लाकूड पुढे सारत थोडा वेळ विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "आमची तर रोज वरई नाय तर नागली. मग आमचा बारा महिने उपासच चाललाय की!"

आणि त्या हसल्या. दारात उभी असलेली पोरं हसली. मित्रही हसला, पण त्याचं हसू अर्ध्यावर थांबलं. माझंही.

कारण जव्हार तालुक्यातलं वावर-वांगणी हे नाव 1992 नंतर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झालं ते कुपोषणाने दगावलेल्या मुलांमुळे. त्यानंतर मंत्री आले, गाड्या आल्या, योजना आल्या. एसाच्या कादंबरीतही असंच होतं. डोंगरातल्या भाताने तृप्त झालेला जासिंतो एक दिवस पावसात आडोशाला आपल्याच कुळाच्या झोपडीत शिरतो आणि तिथली भूक बघून हबकतो. इतके दिवस ज्या जेवणाचं तो कौतुक करत होता, ते करणाऱ्यांना ते पोटभर मिळत नव्हतं. मित्राला ही गोष्ट मी नंतर सांगितली. त्या वेळी आम्ही दोघं मुकाट्याने चुलीकडे बघत बसलो. मावशींना आमच्या गप्प बसण्याचं कारण भूक वाटली आणि त्यांनी ताटं घेतली.

ताटं म्हणजे पळसाच्या पानांच्या पत्रावळी, काड्यांनी टाचलेल्या. मित्राने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या झोळीकडे. बशी बाहेर काढायचा धीर त्याला लगेच झाला नाही.

वरईबरोबर उडदाचं वरण होतं, करटोलीची भाजी होती आणि खुरासणीची चटणी. इथे उपवासाचं घोडं पुन्हा अडलं. उडीद चालत नाही हे नक्की. पण खुरासणी? बारक्या काळ्या बियांचं हे तेलबी इकडच्या डोंगरउतारावर पिवळ्या फुलांनी डोलतं. भाजून, लसूण-मिरची घालून वाटलं की चटणी. उपवासाच्या शास्त्रात तिचा उल्लेख त्याच्या ऐकिवात नव्हता. आईला विचारायचं तर घरात रेंज नाही. पोरांनी त्याला नेटवर्कच्या दगडावर नेलं. हा दगड पाड्याच्या वर, जांभळाखाली आहे, आणि त्याच्यावर एका पायावर उभं राहिलं की दोन कांड्या येतात. भर पावसात एका पायावर उभा राहून, तपश्चर्येला बसलेल्या ऋषीसारखा, तो आईला विचारत होता, "खुरासणी चालते का?" पलीकडून काय उत्तर आलं ते पाड्यावरच्या पोरांनी नीट ऐकलं आणि पुढे दोन दिवस एकमेकांना म्हणून दाखवलं: "पोर्तुगालमध्ये विचारलं होतंस का?"

तो परत आला आणि सगळं जेवला. लसणीसकट.

तसं पाहिलं तर आपला उपवास हा फार चमत्कारिक प्रकार आहे. बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची, आणि साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, ही सगळी मूळची अमेरिकेतली मंडळी, बरीचशी पोर्तुगीजांच्या गलबतांतून उतरलेली. समुद्र ओलांडून आलेल्यांना आपण सोवळ्यात घेतलं. इथलीच जन्मलेली, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत राब भाजून, रोपं उपटून, भर पावसात आवणी करून वाढवलेली वरई मात्र शहरात चतुर्थीला आणि एकादशीला पाव किलोच्या पिशवीतून भेटते. नागली आफ्रिकेतली, पण ती येऊन हजारो वर्षं झाली, तेव्हा तिला पाहुणी म्हणायचं कारण नाही. ती तर घरात अशी वावरते की तिच्यासाठी शब्दही लागत नाही. मावशी तिला फक्त 'पीठ' म्हणतात.

आपल्या पाकपुस्तकांतही वरई बहुधा उपासाच्याच प्रकरणात बसलेली सापडते. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' 1910चं, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' 1970ची. थोर पुस्तकं, आमची पिढी त्यांच्यावर पोसली. पण चुलीजवळच्या माणसाने आपलं खाणं आपल्या तोंडाने सांगावं, त्यासाठी शाहू पाटोळ्यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म'पर्यंत, म्हणजे 2015पर्यंत, थांबावं लागलं, आणि तेही मराठवाड्याचं. पोर्तुगालमध्ये मारिया दि लूर्दिश मोदेश्तू या बाईंनी गावोगावचं रोजचं जेवण गोळा करून 1982 मध्ये जाडजूड पुस्तक केलं आणि ते घराघरात गेलं. मोखाड्याच्या पुस्तकाला मजकूर लिहायला आलो होतो मी, जो नागली आणि वरईच्या रोपातला फरक दोनदा दाखवूनही तिसऱ्यांदा चुकला. तिसऱ्यांदा मी गवताकडे बोट दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्र भाकरीचं चित्र काढायला बसला. मावशींनी काठवटीत नागलीचं पीठ घेतलं, कढत पाणी ओतलं, हाताला चटके बसत असताना तळव्याच्या टाचेने ते मळलं. नागलीला गव्हासारखा चिवटपणा नसतो, गरम पाण्याने आणि मळण्यानेच काय तो सांधा धरतो. गोळा दोन तळहातांमध्ये फिरत फिरत थापला गेला, तव्यावर पडला, वरून पाण्याचा हात फिरला. काठ सुटायला लागले तशी उलटली, आणि शेवटी निखाऱ्यांना टेकून उभी केली. ती फुगली. फुगताना तिच्यातून वाफेचा एक बारीक सुस्कारा निघाला. हे सगळं होईपर्यंत मित्र पेटीत रंग शोधत होता. तपकिरी, त्यात काळसर, त्यात लालसर, आणि वर राखेची साय. चौथ्या भाकरीला त्याचा रंग जमला. चित्र मावशींना दाखवलं.

"तवा बरा काढलाय," त्या म्हणाल्या.

मग त्याने शेवटी बशी काढली. भाकरी वर ठेवायची म्हणून. मावशींनी बशी हातात घेतली, टिचकी मारली, वजन पाहिलं. "पान आहे का हे?"

"हो. कोबीचं. मातीचं केलंय."

"खोटं कशाला केलं? त्यांच्याकडे खरी पानं मिळत नाय का?"

मित्राने व्यंगचित्रकाराचा इतिहास सुरू केला, पण पत्रावळीसमोर बसून तो त्याला स्वतःलाच पटेना आणि 1884 वर येऊन तो थांबला. फोटोही काढला नाही.

आतल्या भिंतीवर जुना चौक होता. मोठ्या मुलीच्या लग्नात काढलेला, आता धुराने पिवळा पडलेला. गेरूवर पांढऱ्या रेघा, मधे पालघट देवी, भोवती सगळं जग. मित्र विजेरी घेऊन एकेक चौकोन बघत होता. नांगर धरलेला माणूस होता. आवणीला वाकलेल्या बायकांची रांग होती. खळ्यावर मळणी, उखळात मुसळ घालणाऱ्या दोघी, ताडावर चढलेला एक जण, खेकडे धरणारी पोरं, तारप्याभोवती नाच.

"मावशी, यात जेवण कुठे आहे?"

"हे काय," त्या म्हणाल्या आणि नांगरापासून मुसळापर्यंत बोट फिरवलं.

"तसं नाही. जेवणाचं ताट. भाकरी, भात."

"जेवण झालं की माणूस उठतो. त्याचं काय काढायचं?"

आणि मग, विसरलेलं काहीतरी आठवल्यासारखं: "भात तर आहेच ना. ह्या रेघा भाताच्याच."

खरंच होतं. तांदूळ वाटून, पाण्यात कालवून, बांबूची काडी दाताने चावून तिची कुंचली करून सवाशिणी चौक लिहितात, आणि लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. जोसेफाबाईंनी तेलरंगात मिठाई काढली, बोर्दालोने मातीत कोबी काढला, आमच्या मित्राने जलरंगात तवा काढला. इथे वर्षभर राबून पिकवलेल्या धान्यातलं ओंजळभर वाटून भिंतीलाच जेवू घातलं होतं. मित्र तिथेच खाली बसला. बराच वेळ काही बोलला नाही, आणि जे त्याला ओळखतात त्यांना ही घटना किती दुर्मिळ आहे ते कळेल.

निघताना त्याने बशी मावशींना दिली. त्या घेईनात. शेवटी, परत नेताना फुटेल, असं सांगितल्यावर घेतली. त्यांनी ती फळीवर चटणीच्या वाडग्यावर उपडी घातली. पुस्तक अजून झालेलं नाही. चित्रं तीन आहेत, तिन्ही तव्याची.

फाल्गुनात शिक्षकांचा फोन आला, मावशींच्या धाकटीचं लग्न आहे, बोलावलंय. गेलो. या वेळी सामान थोडं होतं. आतल्या खोलीत दाटी होती. भिंत ताज्या गेरूने सारवलेली, तीन-चार सवाशिणी उकिडव्या बसून चौक लिहीत होत्या. दार अडवून मित्र वाकून बघायला लागला आणि मला कोपराने ढोसलं.

त्यांच्या मधोमध कोबीची बशी ठेवली होती. तिच्यात तांदळाचं पीठ कालवलेलं होतं. काडी बुडवायची, पानाच्या उंच शिरेवर निपटायची, जास्तीचं पीठ खळग्यात ओघळून परत खाली जायचं. सांडत नव्हतं. आमटीचं माहीत नाही, पण हे त्यात राहत होतं.

"मावशी," मित्राचा आवाज भरून आला होता, "एक फोटो काढू का?"

"आधी बाजूला हो," मावशी मान वर न करता म्हणाल्या. "उजेड अडवलायस."